कऱ्हेच्या खोऱ्यातल्या ग्रामपंचायती कशा शोधाव्यात

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घ्या. २ सेंमी म्हणजे १ किमी. सुरुवात मुखापासून करा: कऱ्हा नदी नीरेला मिळते ते बारामती तालुक्यातलं सोनगाव. तिथून पेन्सिलीने उलटं, नाझरे धरण आणि सासवडवरून वर सरका. नुसती निळी रेघ पाहू नका. कोरडे ओढे काळ्या रेघेत असतात आणि पुरंदरसारख्या दुष्काळी पट्ट्यात तेच जास्त.

मग पाणलोटाची हद्द, म्हणजे जिच्या आतलं पावसाचं पाणी कऱ्हेतच येतं ती रेघ. समोच्च रेषांचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचं) टोक ओढ्यात वरच्या अंगाला वळतं, धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्याच्या रेघेवर, खालच्या. धार पकडून चाला. हद्दीने मुखाशिवाय कुठेही ओढा कापला, की धार चुकली. मागे जाऊन खोडा.

आता या हद्दीत येणारी गावं. इथेच घोळ होतो. महाभूनकाशा या राज्य सरकारच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर महसुली गावाची हद्द मिळते, ग्रामपंचायतीची नव्हे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन गावं असतात. कोणतं गाव कोणत्या ग्रामपंचायतीत, ही जोडी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी या केंद्र सरकारच्या ऑनलाइन यादीत पाहा. खुर्द-बुद्रुक बऱ्याचदा ओढ्याच्या अल्याड-पल्याड असतात, म्हणून नाव नव्हे, गावाचा कोड जुळवा. सासवड, जेजुरी, बारामती वेगळ्या काढा, त्या नगरपरिषदा.