शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी कसं निवळायचं

पावसाळा लागला की ओढ्या-विहिरींचं पाणी लाल होतं. हाताशी तुरटी नसली तरी शेवग्याची वाळलेली बी हे पाणी निवळते. बीमधल्या प्रथिनावर धन भार असतो आणि पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवर ऋण. त्यामुळे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात.

बी जूनच हवी. शेंग झाडावरच तपकिरी होऊन वाळू द्या, कोवळ्या बीचा उपयोग होत नाही. काळपट किंवा बुरशी लागलेल्या बिया टाकून द्या. टरफल सोलून आतला पांढरा मगज घ्या आणि खलबत्त्यात अगदी बारीक कुटा. पूड आयत्या वेळीच करायची, कारण तेलामुळे ती ठेवली की खवट होते. बिया मात्र टरफलासकट कोरड्या डब्यात चांगल्या टिकतात.

20 लिटरच्या बादलीला किंचित गढूळ पाण्यासाठी 5, मध्यम गढूळ पाण्यासाठी 10 आणि चहासारख्या दाट पाण्यासाठी 20 बिया लागतात. प्रत्येक ठिकाणची माती वेगळी, म्हणून आधी दोन-तीन काचेच्या ग्लासांत कमीजास्त प्रमाण करून पाहाच. जास्त पूड म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हा समज चुकीचा आहे. प्रमाण वाढलं की मातीच्या कणांवरच धन भार चढतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि पाणी धुरकटच राहतं.

पूड बाटलीभर स्वच्छ पाण्यात घालून 5 मिनिटं जोरात हलवा. हे दुधाळ पाणी सुती फडक्यातून थेट बादलीत गाळा. आधी 1 मिनिट भरभर ढवळा, मग 10 ते 15 मिनिटं अगदी सावकाश. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. शेवटपर्यंत जोरात ढवळलं तर जमलेले गोळे फुटतात, आणि लवकर थांबलं तर ते जमतच नाहीत. मग बादली झाकून 1 ते 2 तास अजिबात हलवू नका. वरचं पाणी वाटीने अलगद काढून चार पदरी फडक्यातून गाळा.

गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात, पण सगळे नाही. म्हणून पिण्याआधी पाणी खळखळून उकळा. क्लोरिन टाकायचं असेल तर गाळून झाल्यावरच टाका, नाहीतर ते गाळावरच खर्ची पडतं. खारटपणा, फ्लोराइड, नायट्रेट यांवर या उपायाचा काही परिणाम होत नाही. बीचा सेंद्रिय अंश पाण्यात उरतो आणि जंतू त्यावर पुन्हा वाढतात, त्यामुळे हे पाणी त्याच दिवशी संपवा.

निवळी नावाच्या झाडाची बी सहाणेवर उगाळून पाण्यात मिसळायची जुनी रीतही चांगलीच आहे. पण ती बी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. निवळीच्याच कुळातला काजरा जहाल विषारी असतो. निवळीची बी लहान आणि गोलसर, तर काजऱ्याची चपटी, बटणासारखी आणि करड्या लवेची असते. जराही शंका आली तर शेवगाच वापरा.

तळाचा गाळ झाडाच्या आळ्यात ओता आणि बादली लगेच घासून ठेवा.