सिहेयुआनचा नकाशा: आधी चौक, शेवटी दार

बीजिंगच्या हुतोंगांतल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, सिहेयुआनचा, म्हणजे चौकाभोवती चारी बाजूंनी खोल्या असलेल्या घराचा, नकाशा पहिल्यांदा काढायला बसले, तेव्हा सवयीने दारापासून सुरुवात केली. तेही दक्षिणेच्या भिंतीत अगदी मधोमध. अख्खा कागद फुकट गेला. आता दार शेवटी काढते.

आधी उत्तर-दक्षिण रेघ मारा, तिच्यावर मोकळा चौक आखा. चौकाच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून मुख्य घर. ते तीनच खणांचं ठेवा. मिंग घराण्याच्या काळात (१३६८–१६४४) सामान्य माणसाला त्याहून जास्त खण बांधायची मुभा नव्हती. मधला खण बैठकीचा, शेजारच्या खणांत वडीलधारी.

चौक केवढा ठेवायचा, ते उन्हाला विचारा. डिसेंबरच्या अखेरीस बीजिंगमध्ये भरदुपारी सूर्य जेमतेम २७ अंशांवर असतो, म्हणजे सावली उंचीच्या दुप्पट. समोर चार मीटरचं छप्पर असेल तर आठ मीटर अंगण सावलीत गेलं. जूनमध्ये तोच सूर्य ७३ अंशांवर जातो. घर उभं कापल्यासारखा छेद काढून या दोन तिरप्या रेघा ओढा. हिवाळ्याची रेघ वळचणीखालून आत शिरली आणि उन्हाळ्याची उंबरठ्याबाहेरच अडली, की वळचण बरोबर पडली.

पूर्व-पश्चिमेच्या सोप्यांत मुलं-सुना. पूर्वेकडच्याचा मान मोठा, म्हणून तो थोरल्याला. पण त्याचं तोंड पश्चिमेला, उन्हाळ्यातली सगळी दुपार अंगावर! पैसा असेल तर पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या खोल्यांत राहू नये, असं बीजिंगचे लोक म्हणत ते उगाच नाही.

चौकाच्या दक्षिणेला च्वेइहुआमन, म्हणजे आतलं दार. त्याचे पुढचे दोन आखूड खांब वरून लोंबतात, टोकाला कमळाची कळी कोरलेली. चुकून जमिनीपर्यंत नेऊ नका. त्यापुढे बाहेरचं चिंचोळं अंगण आणि रस्त्याकडे पाठ केलेली खोल्यांची रांग, पाहुण्यांसाठी, नोकरांसाठी.

आता मुख्य दार, आग्नेय कोपऱ्यात. आत शिरताच समोर यिंगबी, म्हणजे आडवी भिंत. तिथून डावीकडे, मग उजवीकडे वळलं की च्वेइहुआमन. पेन्सिलीने ही वाट चालून पाहा. रस्त्यावरून चौक दिसत असेल तर काहीतरी चुकलंय.

झाड मधोमध नको. चिनी लिपीत चौकटीत झाड काढलं की ‘अडचण’ असा शब्द होतो. डाळिंब बाजूला लावा.

प्रत्यक्ष जागेवर मापं घेणार असाल, तर चौक बहुधा सापडणारच नाही. १९७६च्या तांगशान भूकंपानंतर लोकांनी अंगणात निवारे घातले, पुढे तिथेच स्वयंपाकघरं थाटली. ती तुटक रेघेने दाखवा.