'सावळी, पण…' : कथेतली शरीरं तपासताना

पहिला खर्डा झाला की प्रिंट काढा आणि लाल पेनाने फक्त शरीराचे शब्द अधोरेखित करा. रंग, केस, बांधा, घाम, वास. प्रत्येकासमोर समासात लिहा, हे बघतंय कोण? 'कुणी नाही, मीच' असं उत्तर आलं की तो शब्द संशयित.

मग 'पण' शोधा. 'सावळी पण तरतरीत', 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस'. या एका 'पण'मध्ये अख्खा कांदेपोह्यांचा कार्यक्रम बसलेला असतो. तेच वाक्य नायिकेच्या मावशीच्या तोंडी शोभेल; निवेदकाकडे ठेवलंत तर ते तुमचं मत झालं. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमधल्या मालकिणीच्या कातडीवर एक शब्द नाही आणि कामवालीचा 'घामेजलेला काळा दंड' मात्र तीनदा, असं हटकून होतं. त्यातले दोन उडवा आणि बाईला बघू द्या. मालकिणीच्या मानेवर नीट न पसरलेली पावडर तिला दिसतेच.

कोपरखैरण्यात भाड्याने राहणारा नायजेरियन लिहायचाय? 'आफ्रिकन' म्हणून भागत नाही. तो लेगॉसचा योरुबा की कानोचा हौसा, हे आधी ठरवा. भाषा, सण, जेवण सगळं बदलतं. त्याची कातडी चॉकलेट-कॉफीच्या रंगाची करू नका, माणूस म्हणजे मेन्यूकार्ड नव्हे. वंशद्वेष दाखवायला शिवी लागतेच असंही नाही. लोकलमध्ये तुर्भ्याला गर्दी चढते, तरी त्याच्या शेजारची जागा वाशीपर्यंत रिकामीच राहते, एवढं पुरतं.

शृंगारात घात करतात ती नामं. आपल्याकडे अवयवांची नावं एक तर डॉक्टरांची, नाहीतर शिवीतली. 'उन्नत उरोज' तर कॅलेंडरवरच बरे. म्हणून क्रियापदांवर भर द्या आणि जागेची अडचण वापरा. वन रूम किचन, बाहेर सासू झोपलेली, आवाज झाकायला पंखा पाचवर केलेला. तो पंखा मध्येच लाइट जाऊन बंद पडला की काय होतं, तिथे प्रसंग आहे.

दोन पुरुषांचं प्रेम असेल तर आधी साल पक्कं करा. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 ला वगळले, सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 ला तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला पुन्हा मोकळीक दिली. ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठावर हवालदाराने विचारलेलं 'इथं काय करताय?' 2014 मध्ये खिसा रिकामा करतं. 2019 मध्ये त्यातला एकजण उलट बोलू शकतो, आणि दुसरा 'घरी कळेल' म्हणून त्याचा हात दाबतो.