बागेत बसून लॅपटॉपवर मालकाची सही

तासगाव, कवठेमहांकाळकडच्या द्राक्षबागांत मी ठिबकची सर्व्हिस करतो. जॉबशीट, म्हणजे केलेल्या कामाचा नोंदीचा कागद, आता लॅपटॉपवरच.

निघण्याआधी जॉबशीटची पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून ठेवा. रानात रेंजचा भरवसा नाही. काम झालं की सुटे भाग, रक्कम भरा, मालकांना वाचून दाखवा. सही त्यानंतर. ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'फिल अँड साइन' उघडा आणि सही काढायचा पर्याय घ्या. टचपॅडवर बोटानं केलेली सही म्हणजे कोंबडीचे पाय! यूएसबीनं लॅपटॉपला जोडायचा, पेननं लिहायची पाटी असलेला साधा पेन टॅबलेट बॅगेत असू द्या. बोर्डोनं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीनं) निळे झालेले हात लागले तरी पुसलं की झालं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, शेडमध्येच बसा.

एवढं मात्र सांभाळाच: 'सेव्ह सिग्नेचर'ची खूण काढून टाका. नाहीतर एका बागायतदाराची सही दुसऱ्याच्या जॉबशीटवर एका क्लिकमध्ये बसेल, मग निस्तरत बसा. सही झाल्यावर 'प्रिंट टू पीडीएफ'नं नवी प्रत काढा, म्हणजे सही सहज हलवता येत नाही. तीच प्रत मालकांसमोरच त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाका.

अशी हातानं काढलेली सही माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली प्रमाणपत्रवाली डिजिटल सही नव्हे. कामाच्या पोचपावतीला माझ्या मते ती पुरे. मोठ्या करारासाठी आधारवरून होणारं ई-साइन घ्या.