जुन्या सागवानी जिन्याला पुन्हा पॉलिश: माझा अनुभव

साताऱ्यातल्या आमच्या घराचा सागवानी जिना ऑइल पेंटखाली गाडला गेला होता. सुतारमामा म्हणाले, "फरशी बसवा." मन होईना.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा घासला नाही. रिमूव्हर लावून पत्रीने खरवडला. मग 80, 120, 180 नंबरचा पॉलिश पेपर, नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलं की ओरखडे पॉलिशनंतर हमखास उठून दिसतात. करकरणाऱ्या पायऱ्या खालून स्क्रूने आवळल्या.

मॅट पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे बिनचमकीचं पारदर्शक पॉलिश) एक आड एक पायरीला लावला, म्हणजे वर जाणं-येणं थांबलं नाही. हे काम दिवाळीनंतरच काढा. इथल्या पावसात लाकूड फुगलेलं असतं. वरच्या खोलीतल्या लाकडी फ्लोअरिंगलाही फुगायला जागा राहावी म्हणून भिंतीलगत 10 मिमी फट सोडली, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.