साईड बॉक्स लावून जायचं की मोकळी गाडी? गोव्यातून टूरला निघणाऱ्यांसाठी

मी डिचोलीचा, बेळगावला सासर, त्यामुळे चोर्ला घाट वर्षातून दहा-बारा वेळा तरी होतो, कधी बाईकच्या दोन्ही बाजूला सामानाचे ॲल्युमिनियमचे बॉक्स लावून आणि कधी नुसती एक बॅग मागे बांधून. आमच्याकडची पोरं टूरिंगची गाडी घेतात, पहिल्या महिन्यात बॉक्स लावतात आणि पुढच्याच रविवारी सामान भरून थेट घाटात, हे बघून मला खरंच काळजी वाटते. भरलेले बॉक्स लावले की तुमच्या हातात दुसरीच गाडी येते, तिचा ब्रेक वेगळा, वळण वेगळं, उभी करायची पद्धत पण वेगळी, आणि ती शिकायची जागा घाट नव्हे.

आधी बॉक्स लागतातच का ते बघा. गोव्यातल्या गोव्यात फिरायचं असेल, पेडण्याहून काणकोणला जाऊन संध्याकाळी परत, तर साईड बॉक्स काढून ठेवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मडगावच्या ट्रॅफिकमध्ये गाडीची रुंदी फार नडते, कारण आपल्याला सवय असते की हँडल गेलं म्हणजे गाडी गेली, आणि बॉक्स बऱ्याचदा हँडलपेक्षाही बाहेर असतात. मला हे जुने गोवे-दिवाडी फेरीबोटीत कळलं. बोट धक्क्याला लागली, सगळे एकदम निघाले, मी पण निघालो आणि डाव्या बॉक्सने शेजारच्या ताईंच्या स्कूटरचा इंडिकेटर तोडला, त्यांचा गुडघा अगदी थोडक्यात वाचला. इंडिकेटरचे पैसे दिले पण तो गुडघा अजून डोक्यातून जात नाही. तेव्हापासून बॉक्स असले की फेरीत मी शेवटी चढतो, शेवटी उतरतो, आणि पावसाळ्यात तो रॅम्प शेवाळाने बुळबुळीत असतो म्हणून पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत, पुढच्या ब्रेकला हात न लावता.

हार्ड बॉक्स की कापडी बॅगा, तर रस्ता डांबरी असेल, मुक्काम हॉटेलात असेल तर हार्ड बरे, कुलूप लागतं, पाऊस आत येत नाही. चिखलात किंवा कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर मी कापडीच सांगेन. सत्तरीतल्या लाल मातीत गाडी घसरली की पाय आपसूक खाली जातो, आणि गाडी पुढे सरकत असेल तर तो पाय हार्ड बॉक्सच्या पुढच्या कडेखाली सापडू शकतो, घोटा मोडायला तेवढं पुरतं. कापडी बॅग निदान दबते तरी. फक्त सायलेन्सरच्या बाजूला हीट शील्ड लावा नाहीतर बॅग वितळते. आणि एकच बॉक्स लावून फिरू नका, गाडी सतत एका बाजूला ओढत राहते.

आता सामान भरणं, इथे घाई करू नका. घरातला वजनकाटा घ्या आणि दोन्ही बॉक्स वेगवेगळे मोजा, फरक एक-दीड किलोच्या आत आणा. सायलेन्सरकडचा बॉक्स बऱ्याचदा आतून लहान असतो म्हणून त्यात जड वस्तू आणि दुसऱ्यात कपडे असं केलं की जमतं. टूल, पंक्चर किट, पाण्याच्या बाटल्या तळाला आणि पुढच्या बाजूला, म्हणजे तुमच्या पायांजवळ. टॉप बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे लटकलेला असतो, तिथे वजन टाकलं की ते तरफेसारखं पुढचं चाक वर उचलू बघतं, हँडल हलकं होतं आणि वेग वाढला की गाडी डोलायला लागते. म्हणून टॉप बॉक्समध्ये रेनकोट, जर्किन, खाऊ, बस. बॉक्सवर किंवा माहितीपुस्तकात किती किलो चालेल ते लिहिलेलं असतं ते वाचा, आणि गाडीचं एकूण वजन धरताना तुमचं, मागे बसणाऱ्याचं आणि रिकाम्या बॉक्सचं पण धरा. हुकवाल्या रबरी दोऱ्या नकोत, हुक सुटला की चाकात जातो, बकलवाले पट्टे घ्या आणि उरलेलं टोक गुंडाळून बांधा.

बॉक्स भरले की गाडी मागून बसते, आणि त्याने पाच गोष्टी बदलतात ज्या बहुतेक जण बघतच नाहीत. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, वाढवावा लागतो. टायरची हवा, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा पुस्तकात दोघांसाठीचा जो आकडा दिलाय तो भरा, आणि टायर थंड असताना, पन्नास किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर आकडा जास्तच दाखवणार. चेन रिकाम्या गाडीवर बरोबर वाटली तरी वजनाखाली ताणली जाते, म्हणून सामान लावून, मित्राला गाडीवर बसवून एकदा ढिलाई बघा. हेडलाईट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात मारतो, तो खाली करा. आणि साईड स्टँड! गाडी खाली बसली की स्टँड जणू लांब होतो, गाडी नेहमीपेक्षा उभी राहते आणि वाऱ्याने किंवा कोणाच्या धक्क्याने उजवीकडे पडू शकते. पावसाळ्यात मऊ मातीत उलटं होतं, स्टँड रुततो, म्हणून मी एक चपटी लाकडी फळी टॉप बॉक्समध्ये ठेवतोच.

मग सराव. गावच्या मैदानावर सकाळी जा, बॉक्स भरूनच. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवा, मध्ये बॉक्सची रुंदी अधिक दोन्हीकडे वीतभर एवढी जागा, आणि त्यातून हळू, पायाशिवाय, क्लच अर्धा आणि मागचा ब्रेक किंचित दाबून जा. खुर्ची पडली तर काही बिघडत नाही, फेरीत माणूस असतो. मग इंग्रजी आठचा आकडा, मग यू-टर्न, आणि शेवटी ४० च्या स्पीडने सरळ येऊन पूर्ण ब्रेक, दहा वेळा तरी. किती मीटर जास्त लागतात ते डोळ्यात बसलं पाहिजे. चढताना पाय टॉप बॉक्सला अडकतो, पाय दुमडून सीटवरून न्या. मागे कोणी बसणार असेल तर तुमचे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्यावर तुम्ही सांगाल तेव्हाच चढायचं, हे आधीच ठरवा.

साखळीहून केरी, अंजुणे धरण मागे पडलं की चोर्ला सुरू होतो. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, सरळ गाडीवर, आत झुकल्यावर ब्रेक नको. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनाला काम करू द्या, सगळं वजन ब्रेकवर टाकलं तर ते तापून मऊ पडतात. डाव्या वळणात रस्त्याच्या कडेला फार चिकटू नका, हँडल सुटलं तरी बॉक्स दगडाला लागतो. मोलेहून अनमोड घाट चढताना ट्रक फार, ओव्हरटेकला गाडी आधीसारखी उसळत नाही, म्हणून जागा दुप्पट दिसेल तेव्हाच. हायवे ६६ वर मोठी बस बाजूने गेली की वारा बॉक्सवर बसतो आणि गाडी हलते, अशा वेळी हँडल घट्ट धरायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, एकदम ब्रेक मारायचा नाही. आणि पणजीत अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, मॅप काहीही सांगो, मांडवीच्या जुन्या पुलावरूनच जायचं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून बॉक्स ज्यावर बसतात त्या रॅकचे सगळे नटबोल्ट हाताने बघा, मी त्यांच्यावर रंगाची रेघ मारून ठेवलीये, रेघ तुटलेली दिसली म्हणजे बोल्ट फिरला. पत्रादेवी, केरी, मोले, पोळे, या नाक्यांवर बॉक्स उघडायला सांगू शकतात, तेव्हा चावी खिशात ठेवा, आणि दारूच्या बाटल्या नेत असाल तर त्यांचं परमिट वरच ठेवा.

घरी आल्यावर बॉक्स काढले तर प्रीलोड आणि हवा त्याच दिवशी परत आधीच्या आकड्यावर आणा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मागचं चाक प्रत्येक गतिरोधकावर उडतं. रॅकच्या बोल्टला थोडं ग्रीस, समुद्राच्या हवेने ते गंजून जाम होतात. आणि जून ते सप्टेंबर बॉक्स बंद करून माळ्यावर टाकू नका, आत बुरशी धरते, झाकण उघडं ठेवून घरातच कोरड्या जागी ठेवा.