न्यू नेदरलँडमधला डच मूळपुरुष कसा शोधावा

आजच्या न्यूयॉर्क परिसरातल्या डच वसाहतीत, म्हणजे न्यू नेदरलँडमध्ये, बहुतेकांना कायमचं आडनाव नव्हतं. पीटरचा मुलगा यान पीटरसेन, आणि त्याचा मुलगा हेन्ड्रिक यानसेन. आपलं मधलं नाव दर पिढीला बदलतं, तसंच हे. १६६४ मध्ये वसाहत इंग्रजांकडे गेल्यावर आडनावं हळूहळू स्थिरावली, तीही कधी सख्ख्या भावांची वेगवेगळी. त्यामुळे निव्वळ आडनाव धरून मागे गेलात तर धागा तुटणारच. शोधायचा तो गोतावळा.

सुरुवात घरच्या बायबलपासून करा; त्याच्या पानांवर घरातल्या जन्मांच्या नोंदी लिहून ठेवत. आधी छपाईचं साल पाहा. जन्मनोंदी त्याआधीच्या असतील, किंवा तीस वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असतील, तर त्या मागाहून लिहिलेल्या आहेत. सुगावा म्हणून ठेवा, पुरावा म्हणून नको.

मग बाप्तिस्म्याची नोंदवही. न्यू ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्क शहराच्या, डच रिफॉर्म्ड चर्चच्या उपलब्ध नोंदी १६३९ पासून, त्याच वसाहतीतल्या किंग्स्टनच्या १६६० पासून, ऑल्बनीच्या मात्र १६८३ पासून मिळतात. नोंदीत तारीख, आईवडील, मूल आणि साक्षीदार. साक्षीदार उतरवून घ्यायचे राहून जातात आणि इथेच मोठं नुकसान होतं, कारण ते बहुधा आजी-आजोबा, काका, मामा, मावश्या असतात. एका जोडप्याची सगळी मुलं एका कागदावर साक्षीदारांसह मांडा. तीन-चारदा आलेलं नाव बहुतेक जवळच्या नातलगाचं. डच बायका लग्नानंतरही माहेरचंच नाव लावत, म्हणून आईच्या नावातून तिच्या वडिलांचं नावही हाती लागतं.

मुलांची नावंही बोलतात. पहिल्या दोन मुलग्यांना दोन्ही आजोबांची, पहिल्या दोन मुलींना दोन्ही आज्यांची नावं देण्याची रीत होती. अर्थात रीतच, नियम नव्हे. एकाच जोडप्याला दोन यान दिसले तर थोरला बहुधा लहानपणीच गेलेला. इंग्रजी कागदांत हाच यान 'जॉन' होतो, ग्रीटये 'मार्गारेट'.

तारखांना जपा. बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. पाद्री क्वचितच येई अशा वस्तीत मूल काही महिन्यांचंही असे. इंग्रजी दप्तरात १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून तिथला फेब्रुवारी १६७० आपल्या हिशेबाने १६७१ असू शकतो. दोन्ही सालं लिहून ठेवा.

समुद्रापार नेते ती विवाहनोंद. नावापुढे 'जे. एम. फान उट्रेख्ट' असेल तर नवरा अविवाहित, मूळचा उट्रेख्टचा. हे 'फान' आपल्या 'कर'सारखं. वसाहतीकडे निघण्यापूर्वीच लग्न ॲमस्टरडॅमला झालं असेल तर तिथल्या नगर-अभिलेखागारातल्या लग्नपूर्व जाहीरनाम्यांच्या वह्या पाहा. त्या १५६५ ते १८११ पर्यंतच्या असून सूची ऑनलाइन विनामूल्य आहे. वय, धंदा, राहती गल्लीही अनेकदा मिळते. शोधताना आडनावाची चौकट रिकामी सोडून पूर्वजाचं आणि त्याच्या वडिलांचं नाव घाला, आणि 'यानसेन', 'यान्स', 'यान्सझ' अशी सगळी रूपं एकेक करून पाहा.